पीएलसीची मूलतत्त्वे : स्टॉपचे बटण ‘एनसी’ जोडलेले असताना लॅडरमध्ये ते ‘एनओ’ का दिसते?

भोसरी_देखभाल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी अलीकडेच भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्याच्या देखभाल विभागात रुजू झालो आहे. आमच्या एका कन्व्हेयरवर लहान पीएलसी (यंत्राचा क्रम प्रोग्रामप्रमाणे चालवणारा नियंत्रक) आहे. त्याचे पॅनेल ड्रॉइंग आणि प्रोग्राम शेजारी शेजारी ठेवून वाचताना एका ठिकाणी माझे अडले.

ड्रॉइंगमध्ये स्टॉपच्या बटणाचा एनसी कॉन्टॅक्ट, म्हणजे बटण न दाबता जुळलेला असतो तो, इनपुटला जोडला आहे. प्रोग्राममध्ये, म्हणजे शिडीसारख्या ओळींच्या लॅडरमध्ये, मात्र त्याच इनपुटसाठी तिरकी रेघ नसलेले, एनओचे (बटण न दाबता उघडा असतो त्या कॉन्टॅक्टचे) चिन्ह आहे. डीओएल (मोटर थेट पुरवठ्यावर सुरू करणाऱ्या) स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटमध्ये स्टॉप नेहमी एनसी काढायचा, असे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. माझा एक सहकारी म्हणतो की बटण एनओ लावावे आणि प्रोग्राममध्ये एनसीचे चिन्ह टाकावे; काम तेच होते आणि वाचायलाही सोपे जाते. त्याचे म्हणणे बरोबर आहे का? आणि पाया पक्का करायचा असेल, तर सुरुवात प्रोग्रामपासून करावी की वायरिंगपासून?

सातपूरकर

प्रश्न फार चांगला आहे, कारण पीएलसी शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण याच जागी थबकतो आणि पुष्कळ जण उत्तर न मिळवता पुढे जातात.

लॅडरमधील चिन्ह म्हणजे बटण नव्हे, ही गोष्ट आधी मनात पक्की करा. ते चिन्ह मेमरीतल्या एका बिटला विचारलेला प्रश्न आहे. तिरकी रेघ नसलेले चिन्ह विचारते, ‘हा बिट १ आहे का?’ आणि तिरकी रेघ असलेले विचारते, ‘हा बिट ० आहे का?’ उत्तर होकारार्थी आले की ती ओळ पुढे चालू राहते. बटण एनओ आहे की एनसी, हे पीएलसीला ठाऊक नसते. इनपुटच्या टर्मिनलवर २४ व्होल्ट आहेत की नाहीत, एवढेच त्याला कळते.

आता तुमचा कन्व्हेयर पाहा. स्टॉपला कोणी हात लावलेला नाही, कॉन्टॅक्ट जुळलेला आहे, २४ व्होल्ट इनपुटपर्यंत पोहोचले आहेत, म्हणून बिट १ आहे आणि एनओचे चिन्ह ओळ पुढे जाऊ देते. बटण दाबताच व्होल्टेज जाते, बिट ० होतो, ओळ तुटते आणि मोटर थांबते. पूर्ण ओळ अशी असेल :

──┤ स्टॉप ├──┬──┤ स्टार्ट ├──┬──( मोटर )──
　　　　　　　└──┤ मोटर ├──┘

तुमच्या सहकाऱ्याची पद्धत सगळे काही धड असताना अगदी तशीच चालेल. फरक वायर तुटल्यावर कळतो. बटणापासून पॅनेलपर्यंतची वायर निघाली, तर एनसी जोडणीत बिट ० होऊन कन्व्हेयर आपोआप थांबतो. एनओ जोडणीत मात्र बिट आधीपासून ०च असतो, त्यामुळे वायर निघाल्याचे कोणालाच कळत नाही. आणि ज्या क्षणी एखादा कामगार घाबरून ते बटण दाबेल, त्या क्षणी काहीही होणार नाही.

पॅनेल_आणि_फेरूल

सातपूरकरांशी तत्त्वतः सहमत आहे, पण दुसरी बाजूही मांडावीशी वाटते. साखर कारखान्यांच्या ऊस वाहकांवर मी बरीच वर्षे काम केले आहे. तिथे हादरे, बगॅसची (उसाच्या चोथ्याची) धूळ आणि पावसाळ्यातली ओल यांमुळे जंक्शन बॉक्समधील टर्मिनल सैल होतात. स्टॉप एनसी असल्यामुळे गळीत हंगाम ऐन भरात असताना वाहक उगाचच ट्रिप होतो, ऑपरेटर वैतागतात आणि रात्रपाळीत कोणीतरी त्या इनपुटला थेट २४ व्होल्टचा जंपर (बटणाला वगळून जोडलेली वायर) मारून मोकळा होतो. तो जंपर हंगाम संपेपर्यंत कोणी काढत नाही. म्हणजे कागदावर सुरक्षित असलेली जोडणी प्रत्यक्षात एनओपेक्षाही वाईट ठरते. याचा विचार नव्या मुलांनी करायला हवा.

सातपूरकर

तुम्ही सांगता ते मीही पाहिले आहे. पण वाहक उगाच ट्रिप झाला, असे मी म्हणणार नाही. टर्मिनल सैल झाले होते आणि यंत्रणेने ते सांगितले. जंपर मारण्याची वेळ येते ती बहुधा कोणता स्टॉप सुटला हे कळत नसल्यामुळे. वाहकाच्या लांबीवर आठ-दहा स्टॉप एकाच वायरमध्ये सिरीजने जोडलेले असले, की सैल झालेला शोधण्यासाठी टॉर्च घेऊन सगळे बॉक्स उघडावे लागतात. त्याऐवजी प्रत्येक बटण स्वतंत्र इनपुटला आणले आणि स्क्रीनवर त्याचा क्रमांक दाखवला, तर फिटर थेट त्या बॉक्सपाशी जातो. इनपुटचा खर्च वाढतो, हे मान्य आहे. हादऱ्याच्या जागी स्क्रूऐवजी स्प्रिंगचे टर्मिनल वापरणे आणि वायरला नीट दाबलेले फेरूल (टोकाची धातूची टोपी) लावणे, हे दोन उपाय मात्र स्वस्तातले आहेत आणि त्यांनी निम्मी कटकट कमी होते.

पॅनेल_आणि_फेरूल

स्वतंत्र इनपुटचा मुद्दा पटला.

जुना_रिलेवाला

धागाकर्त्याचा गोंधळ कुठून येतो, हे थोडा इतिहास पाहिला की स्पष्ट होते. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंच्या (विजेने चालणाऱ्या स्विचांच्या) भल्या मोठ्या पॅनेलांना पर्याय हवा होता. गाडीचे मॉडेल बदलले की त्या पॅनेलांची वायरिंग पुन्हा करावी लागे आणि बिघडलेला रिले शोधण्यात उत्पादनाचा वेळ जाई. त्यांनी मागणी केली ती अशा नियंत्रकाची, की जो कारखान्याच्या वातावरणात टिकेल आणि ज्याचा क्रम वायर न हलवता बदलता येईल. डिक मॉर्ली यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने तयार केलेला मॉडिकॉन ०८४ हा त्यातून आलेला नियंत्रक. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून ०८४.

शॉपफ्लोरवरच्या विजेच्या माणसाला संगणकाची भाषा शिकायला लावायची नाही, म्हणून रिलेच्या आराखड्यासारखी दिसणारी लॅडर पद्धत ठेवली गेली. तो निर्णय शहाणपणाचाच होता, कारण त्यामुळे लाखो इलेक्ट्रिशियनना नव्या यंत्राशी जुळवून घेता आले. पण चित्र रिलेचे आणि आतले काम प्रोसेसरचे असल्याने, रिलेच्या सर्किटमध्ये सगळ्या फांद्या एकाच वेळी जिवंत असतात तशा इथेही असतील, असा समज होतो. तसे नसते. पुढचे कोणीतरी स्कॅनबद्दल लिहावे. त्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही.

चाकण_कमिशनिंग

स्कॅनबद्दल मी लिहितो.

पीएलसी आधी सर्व इनपुट वाचून त्यांची एक प्रत मेमरीत ठेवतो. मग ती प्रत समोर ठेवून प्रोग्राम वरून खाली, ओळीमागून ओळ सोडवतो. शेवटी निघालेली उत्तरे एकदम आउटपुटवर टाकतो, संवादाची व स्वतःच्या तपासणीची कामे उरकतो आणि पुन्हा पहिल्या पायरीवर जातो. लहान यंत्रावर ही फेरी काही मिलिसेकंदांत होते. फेरी ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाली नाही, तर वॉचडॉग (फेरीच्या वेळेवर नजर ठेवणारा टायमर) तो दोष समजतो. सीमेन्सच्या एस७-१२०० मध्ये ही मुदत मुळात १५० मिलिसेकंद ठेवलेली असते.

याचे दोन परिणाम देखभाल करणाऱ्याला रोज भेटतात. पहिला असा, की एकच आउटपुट दोन ओळींत लिहिला असेल, तर खालच्या ओळीचे उत्तर टिकते. वरची ओळ स्क्रीनवर हिरवी दिसते, सगळ्या अटी पूर्ण आहेत, आणि तरी व्हॉल्व्ह उघडत नाही. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलायला धावण्याआधी क्रॉस रेफरन्स (कोणता बिट कुठे वापरला आहे त्याची यादी) काढून तो आउटपुट आणखी कुठे लिहिला आहे का, ते पाहावे. हाताने आणि ऑटोवर चालवण्याच्या ओळी वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्या असतील, तर हा दोष हमखास सापडतो.

दुसरा परिणाम वेगाचा. समजा सेन्सरसमोरून बाटली ५ मिलिसेकंदांत निघून जाते आणि स्कॅन १० मिलिसेकंदांचा आहे. तर काही बाटल्या दोन वाचनांच्या मधूनच निसटतील. शिवाय इनपुटला स्वतःचा फिल्टर असतो. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत तो साधारण १० मिलिसेकंदांचा आणि एस७-१२०० मध्ये मुळात ६.४ मिलिसेकंदांचा असतो. त्याहून लहान स्पंद प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून जलद मोजणी हाय स्पीड काउंटरच्या इनपुटवरच घ्यावी लागते. मोजणी कमी भरते म्हणून सेन्सर बदलत बसणारे लोक मी पाहिले आहेत. सेन्सर बिचारा व्यवस्थित असतो.

स्टुटगार्टकर

धागाकर्त्याच्या प्रश्नात एक गोष्ट वेगळी करून सांगायला हवी. आतापर्यंतची चर्चा नेहमीच्या स्टॉपची आहे. इमर्जन्सी स्टॉपला हीच जोडणी पुरेशी नाही. साध्या पीएलसीचा आउटपुट ट्रान्झिस्टर चालू स्थितीतच शॉर्ट झाला किंवा आउटपुटच्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले, तर प्रोग्राम काहीही म्हणो, कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच) ओढलेलाच राहील. म्हणून इमर्जन्सी स्टॉपने सेफ्टी रिलेमार्फत किंवा सेफ्टी पीएलसीमार्फत ऊर्जा तोडायची असते, आणि साध्या पीएलसीला त्याची केवळ वर्दी द्यायची असते. बटणाचे दोन एनसी कॉन्टॅक्ट दोन स्वतंत्र मार्गांनी नेले जातात, जेणेकरून एका मार्गातला दोष दुसऱ्यामुळे उघडकीस येईल.

इथे एनसीचे आणखी एक कारण आहे. इमर्जन्सी स्टॉपचा एनसी कॉन्टॅक्ट हाताच्या जोराने थेट ढकलून उघडला जातो. तो किंचित वेल्ड झाला असला तरी दाबणाऱ्याच्या जोराने ओढून वेगळा होतो. एनओ कॉन्टॅक्टवर काजळी किंवा धूळ बसली, तर कितीही जोराने दाबले तरी तो जुळेलच याची खात्री नाही.

आयएसओ १३८५० या मानकाप्रमाणे हे बटण दाबल्यावर अडकून राहिले पाहिजे आणि ते सोडवल्याने यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी वेगळा स्टार्ट द्यावा लागतो. जर्मनीतून यंत्र पाठवताना आम्ही प्रत्येक बटण दाबून हे तपासतो, आणि यंत्र दुसऱ्या जागी हलवले की तिथेही पुन्हा तपासतो.

वाळूज_२४व्होल्ट

सातपूरकरांच्या पहिल्या उत्तराला एक पुरवणी जोडतो, कारण एनसी लावले म्हणजे सगळे झाले असे वाटू नये. वायर तुटणे हा एक दोष झाला. वायरचे आवरण घासून ती यंत्राच्या लोखंडी अंगाला टेकणे हा दुसरा, आणि तो कमी आढळत नाही.

आपल्याकडे काही यंत्रांत इनपुटचा कॉमन २४ व्होल्टवर असतो आणि बटण इनपुटला ० व्होल्टशी जोडते. जपान आणि तैवानहून आलेल्या जुन्या यंत्रांवर एनपीएन सेन्सर (आउटपुट ० व्होल्टशी जोडणारे) असतात, त्यांच्यासोबत ही रचना हमखास दिसते. आता ० व्होल्ट अर्थिंगला जोडलेला असेल आणि स्टॉपची वायर यंत्राच्या अंगाला टेकली, तर इनपुटला ० व्होल्ट मिळतच राहतो. बटण दाबले, एनसी कॉन्टॅक्ट उघडला, तरी बिट १च राहतो. म्हणजे स्टॉप एनसी असूनही निकामी झाला! स्टार्टची वायर टेकली, तर कोणी हात न लावता मोटर सुरू होऊ शकते.

याउलट बटण २४ व्होल्ट देत असेल, कॉमन ० व्होल्टवर असेल आणि तो अर्थिंगला जोडलेला असेल, तर वायर टेकताच २४ व्होल्टचा शॉर्ट होतो, फ्यूज जातो आणि यंत्र थांबते. पीएनपी सेन्सर (आउटपुटवर २४ व्होल्ट देणारे) याच रचनेत बसतात. दोन्ही प्रकारांत वायरचे रंग सारखेच असतात : तपकिरी २४ व्होल्ट, निळी ० व्होल्ट आणि काळी आउटपुट. म्हणून सेन्सर बदलताना रंग जुळले यावर न थांबता त्याच्या अंगावरील पीएनपी की एनपीएन हे अक्षर वाचावे. चुकीचा लावला तर सेन्सरवरचा दिवा झकास लागतो आणि इनपुटचा मात्र लागत नाही.

मापन_रोहा

मी रासायनिक कारखान्यात मापन यंत्रणा पाहते, त्यामुळे माझा संबंध बटणांपेक्षा ट्रान्समीटरशी (मोजमाप प्रवाहाच्या रूपात पाठवणाऱ्या उपकरणाशी) जास्त येतो. पण या धाग्यातील तत्त्व तिथेही जसेच्या तसे लागू आहे. टाकीची पातळी सांगणारा सिग्नल ० ते २० मिलिअँपिअर न ठेवता ४ ते २० का ठेवतात? टाकी रिकामी असतानाही ४ मिलिअँपिअर वाहत असतात, म्हणून प्रवाह ० झाला की टाकी रिकामी नसून वायर तुटली आहे, हे लगेच ओळखता येते. ट्रान्समीटरमध्ये स्वतःचा बिघाड झाला तर तो मुद्दाम ३.६ मिलिअँपिअरच्या खाली किंवा २१ च्या वर जातो, अशी सर्वमान्य पद्धत आहे.

आकडेमोड एकदा हाताने करून पाहावी. सीमेन्सच्या मोड्यूलमध्ये ४ मिलिअँपिअरला ० आणि २० मिलिअँपिअरला २७६४८ हा आकडा मिळतो. टाकीची पातळी ० ते ५ मीटर मोजायची असेल आणि मोड्यूल १३८२४ दाखवत असेल, तर प्रवाह १२ मिलिअँपिअर आणि पातळी अडीच मीटर. लूपमध्ये मीटर लावून १२ दिसले आणि स्क्रीनवर अडीच मीटर नसतील, तर दोष स्केलिंगमध्ये (आकड्याचे मीटरमध्ये रूपांतर करण्यात) आहे. मीटरवरच १२ दिसले नाहीत, तर दोष पॅनेलच्या बाहेर आहे. एवढ्या एका मोजमापाने शोधाची दिशा ठरते.

मात्र प्रोग्राममध्ये वायर तुटल्याची अट लिहिली नसेल, तर या सगळ्याचा उपयोग नाही. प्रवाह नाहीसा झाला म्हणून पातळी शून्याखाली दिसते, प्रोग्राम समजतो टाकी रिकामी आहे आणि पंप भरत राहतो. त्यासाठी टाकीच्या वरच्या टोकाला स्वतंत्र लेव्हल स्विच असावा, आणि तोही टाकी भरल्यावर उघडणारा असावा.

अंबड_पाळी

सगळ्यांनी फार सविस्तर लिहिले आहे. मला वीज जाऊन येण्याबद्दल विचारायचे आहे. आमच्या भागात वीज अधूनमधून जाते. ती परत आली की एका शेडमधला कन्व्हेयर आपोआप सुरू होतो आणि दुसऱ्यातला होत नाही, दोन्ही यंत्रे जवळजवळ सारखीच असूनही. याचे कारण काय असावे?

चाकण_कमिशनिंग

दोन्ही प्रोग्राम उघडून मोटर कशी धरून ठेवली आहे ते पाहा. सातपूरकरांनी वर काढलेल्या ओळीत मोटरचाच बिट स्टार्टला समांतर आहे. वीज गेली की आउटपुट ० होतो, त्यामुळे वीज आल्यावर स्टार्ट दाबल्याशिवाय ओळ पूर्ण होत नाही. दुसऱ्या यंत्रात बहुधा सेट-रीसेट किंवा लॅच-अनलॅच (एका आज्ञेने बिट १, दुसरीने ०) वापरले असेल आणि तो बिट वीज गेल्यावरही स्मरणात राहणाऱ्या भागात असेल. ॲलन-ब्रॅडलीचा लॅच तर स्वभावतःच तसा आहे. वीज येते, बिट १च असतो, मोटर सुरू.

मोजणी, बॅचचा टप्पा, तासांची नोंद या गोष्टी स्मरणात राहायलाच हव्यात. मोटर चालू असल्याची आज्ञा मात्र राहता कामा नये, कारण वीज गेलेली असताना पट्ट्यात अडकलेला माल काढायला कोणीतरी हात घातलेला असू शकतो. हे दुरुस्त होईपर्यंत त्या शेडमध्ये वीज गेली की आयसोलेटर (पुरवठा तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप लावण्याची सक्त ताकीद द्या.

भोसरी_देखभाल (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. वरिष्ठांच्या परवानगीने सरावाच्या बोर्डवर मोटरच्या जागी दिवा लावून दोन्ही जोडण्या करून पाहिल्या. एनसी जोडणीत चालू दिव्याच्या स्टॉपची वायर टर्मिनलमधून काढताच दिवा विझला. एनओ जोडणीत वायर काढल्यावर दिवा तसाच चालू राहिला आणि बटण दाबून काहीच झाले नाही. सहकाऱ्यानेही ते पाहिले आणि आता त्याचे मतही बदलले आहे.

आणखी एक विचारतो. ओव्हरलोड रिलेवर (मोटरला जादा प्रवाहापासून वाचवणाऱ्या) ९५-९६ आणि ९७-९८ असे दोन कॉन्टॅक्ट असतात. त्यांपैकी कोणता पीएलसीला आणावा? आणि शिकण्याचा क्रम कसा ठेवावा?

पॅनेल_आणि_फेरूल

क्रमाबद्दल मी सांगतो. आधी ड्रॉइंग हातात घेऊन एका इनपुटचा प्रवास बटणापासून मोड्यूलवरच्या दिव्यापर्यंत बोटाने चालून पाहा, मग तोच इनपुट प्रोग्राममध्ये शोधा. पत्त्यांची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. मित्सुबिशीच्या एफएक्समध्ये एक्स७ नंतर थेट एक्स१० येतो, तिथे एक्स८ शोधत बसू नका, कारण ती अष्टमान मोजणी आहे. त्यानंतर टायमर, काउंटर, मग ॲनालॉग. आयईसी ६११३१-३ हे मानक १९९३ साली आले, त्यात पाच भाषा होत्या; त्यांपैकी देखभालीच्या माणसाने लॅडर पक्के करावे आणि सवडीने स्ट्रक्चर्ड टेक्स्ट (मजकुराच्या रूपातली भाषा) वाचायला शिकावे, कारण नवी यंत्रे त्यात लिहिलेली येऊ लागली आहेत.

सातपूरकर

ओव्हरलोडचे सांगतो. ९५-९६ हा एनसी कॉन्टॅक्ट पीएलसीचा आउटपुट आणि कॉन्टॅक्टरची ए१-ए२ कॉइल यांच्यामध्ये सिरीजने घाला. मग ओव्हरलोड झाला की प्रोग्रामच्या मर्जीवर न राहता कॉइल सुटते. ९७-९८ पीएलसीला आणा, म्हणजे स्क्रीनवर कारण दिसेल.

पण इथे एक सापळा आहे. ९५-९६ उघडला तरी पीएलसीचा आउटपुट चालूच असतो, आणि वरच्या ओळीत मोटरचा बिट स्वतःलाच धरून ठेवतो. ओव्हरलोड रिले ऑटो रीसेटवर असेल, तर थंड झाल्यावर ९५-९६ पुन्हा जुळतो आणि मोटर कोणी न सांगता सुरू होते. म्हणून रीसेट हातानेच करायचा ठेवा, शिवाय कॉन्टॅक्टरचा १३-१४ हा सहायक कॉन्टॅक्ट एका इनपुटवर आणा. आज्ञा दिल्यावर एका सेकंदाच्या आत १३-१४ कडून उत्तर आले नाही, किंवा चालता चालता ते गेले, तर आउटपुट काढून टाका आणि दोष नोंदवा. आज्ञा काढल्यावरही उत्तर येतच राहिले, तर कॉन्टॅक्टर चिकटला आहे असे समजा आणि अलार्म द्या. तुमच्या कन्व्हेयरच्या ड्रॉइंगमध्ये १३-१४ कुठे गेला आहे ते पाहा. तो मोकळा असेल तर एक इनपुट शिल्लक आहे का, ते तपासून इथे कळवा, पुढची ओळ आपण मिळून लिहू.